मुंबई विमानतळ : टर्मिनल अव्वल दर्जाचं, धावपट्टी एका वेळी एकच

मुंबई विमानतळावर धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. पूर्व-पश्चिम जाणारी मुख्य धावपट्टी (०९/२७) सुमारे ३,४५० मीटर लांब, तर तिरपी दुसरी (१४/३२) सुमारे २,८७० मीटर. छेदत असल्यामुळे एका वेळी एकीवरूनच विमानं चढतात-उतरतात. म्हणजे व्यवहारात धावपट्टी एकच. २०२४-२५ मध्ये ५ कोटी ५१ लाख प्रवासी या एका पट्टीच्या भरवशावर ये-जा करून गेले. दिल्ली विमानतळाकडे ५,००० एकरांहून जास्त जमीन आणि चार धावपट्ट्या आहेत. मुंबईकडे जेमतेम १,८००-१,९०० एकर, आणि त्यातलाही बराच भाग झोपडपट्ट्यांनी व्यापलेला. इथल्या सेवेचं मूल्यमापन या आकड्यांकडे बघूनच करायला हवं, नाहीतर चुकीच्या माणसावर राग निघतो.

निकाल आधीच सांगतो. टर्मिनल २ ला पाचपैकी साडेचार, टर्मिनल १ ला तीन, मेट्रो आल्यापासून पोहोचण्याच्या सोयीला चार, विमान वेळेवर सुटण्याला अडीच. हे शेवटचे गुण कमी का, हे समजायला थोडा इतिहास लागतो.

मुंबईचं पहिलं विमानतळ जुहूचं, १९२८ चं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल आणलं ते जुहूलाच, आणि तिथून त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट ते बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. जुहूची अडचण पहिल्याच पावसाळ्यात कळली. समुद्रालगतची सपाट चिखलाची जमीन, पाऊस आणि भरती एकत्र आली की मैदान पाण्याखाली. त्यामुळे पावसाळ्यात सगळा कारभार पुण्याला, येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर हलवावा लागे. मुंबईत विमानतळ चालवायचा तर पाणी आणि जागा या दोन प्रश्नांना तोंड द्यावं लागणार, हे त्या पहिल्या वर्षांतच दिसलं होतं. आजही प्रश्न तेच आहेत.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने सांताक्रूझला मोठा तळ वापरात आणला आणि युद्धानंतर तो नागरी वाहतुकीकडे आला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. भारतीय कंपनीची युरोपला जाणारी ती पहिली नियमित सेवा. १९५८ मध्ये सांताक्रूझची प्रवासी इमारत सुरू झाली. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं, १९७१ मध्ये जंबो ७४७. दर वेळी विमान मोठं होत गेलं, माणसं वाढली, आणि भोवतालचं शहर कुंपणाला येऊन चिकटलं. पूर्वेला कुर्ला आणि घाटकोपर, पश्चिमेला विलेपार्ले, दक्षिणेला कलिना, उत्तरेला अंधेरी-मरोळ. समांतर दुसरी धावपट्टी टाकायला त्यानंतर कधीच जागा उरली नाही.

जुहू आणि सांताक्रूझ इतके शेजारी, आणि दोन्हीकडच्या मुख्य धावपट्ट्यांची दिशा इतकी जवळची, की २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड पट्टीवर उतरलं आणि पट्टी संपल्यावर पुढे गेलं. जुहू आज प्रामुख्याने हेलिकॉप्टरांसाठी आहे.

सप्टेंबर १९७९ मध्ये सांताक्रूझच्या टर्मिनलला आग लागली. तो काळ आखातात नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या गर्दीचा होता. रत्नागिरी-रायगडपासून केरळपर्यंतची माणसं मुंबईहूनच विमान पकडत. त्यांच्यासाठी घाईघाईने तात्पुरतं ‘गल्फ टर्मिनल’ उभं करावं लागलं. त्याच सुमारास बांधकाम चाललेलं सहारचं आंतरराष्ट्रीय टर्मिनल १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वापरात आलं, आणि देशातली विमानं सांताक्रूझला, परदेशातली सहारला अशी वाटणी पक्की झाली. धावपट्ट्या सामाईक, पण इमारती दोन टोकांना आणि रस्तेही वेगळे. आज टर्मिनल १ (सांताक्रूझ) आणि टर्मिनल २ (सहार) मध्ये रस्त्याने चार-पाच किलोमीटरचं अंतर आहे ते या वाटणीमुळे. १९९९ मध्ये विमानतळाला छत्रपती शिवाजींचं नाव मिळालं, ऑगस्ट २०१८ मध्ये त्यात ‘महाराज’ जोडलं गेलं.

२००६ मध्ये व्यवस्थापन जीव्हीके उद्योगसमूहाच्या नेतृत्वाखालच्या कंपनीकडे गेलं. विमानतळ प्राधिकरणाने २६ टक्के हिस्सा स्वतःकडे ठेवला. जुलै २०२१ मध्ये व्यवस्थापन अदानी समूहाने घेतलं. या सगळ्या बदलांत प्रवाशाच्या पदरात पडलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे नवीन टर्मिनल २. त्याचं उद्घाटन १० जानेवारी २०१४ ला झालं आणि १२ फेब्रुवारीपासून तिथून आंतरराष्ट्रीय विमानं सुटू लागली. आराखडा स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या अमेरिकन संस्थेचा, बांधकाम लार्सन अँड टुब्रोचं.

या इमारतीबद्दल मनापासून चांगलं बोलावंसं वाटतं, आणि त्याचं कारण झगमगाट नाही. जुनं टर्मिनल चालू ठेवून, त्याच जागेवर, टप्प्याटप्प्याने नवीन बांधायचं होतं. विमानं एक दिवसही थांबवता येणार नव्हती. म्हणून आराखडा इंग्रजी एक्स अक्षरासारखा केला. मधला भाग सगळ्यांचा, आणि त्यातून फुटणाऱ्या भुजा एकेक करून बांधायच्या. काही गेट अशी, की गरजेप्रमाणे देशांतर्गत किंवा आंतरराष्ट्रीय विमानाला देता येतात. रात्री परदेशी विमानांची झुंबड आणि सकाळी देशांतर्गत, असं इथलं वेळापत्रक असल्याने एकच गेट दोन्ही पाळ्यांत राबतं. जागा कमी असलेल्या ठिकाणी हा शहाणपणाचा उपाय आहे.

एकूण क्षेत्रफळ ४ लाख ३९ हजार चौरस मीटर. सर्वांत वरच्या चेक-इनच्या मजल्यावर उभं राहून वर पाहिलं की पांढरे खांब वर जाताना रुंद होत छतातच मिसळून जातात. असे मुख्य ३० खांब आहेत. खांब कमी म्हणून रांगांना अडथळा कमी, आणि आत शिरताच आपला काउंटर कोणत्या बाजूला आहे ते नजरेच्या टप्प्यात येतं. खांबांच्या माथ्यावरच्या नक्षीत बारीक झरोके आहेत, त्यांतून दिवसा उजेड गाळून खाली येतो. मोठ्या सामानासह चाललेल्या, बावरलेल्या पहिल्यांदाच्या प्रवाशाला मोकळी नजर हीच सर्वांत मोठी मदत असते, आणि ती इथे मिळते.

भिंतीवरच्या कलेचंही तसंच. राजीव सेठींच्या देखरेखीखाली तयार झालेला ‘जय हे’ हा संग्रह तीन किलोमीटरच्या आसपास लांबीच्या भिंतीवर पसरला आहे. देशभरातल्या लाकडी झरोक्यांपासून मुखवट्यांपर्यंत हजारो वस्तू त्यात आहेत. तिकीट असलेल्यालाच पाहता येतो, ही एक खंत. वेळ असेल तर गेटकडे सरकत्या पट्ट्यावरून न जाता भिंतीच्या कडेने पायी जा. मात्र सुरक्षा तपासणीनंतर दुकानांमधून वळणं घेत जाणारा रस्ता उगाच लांबवला आहे. वयस्कर माणसांना तो जड जातो आणि तिथे गेटचे फलक दुकानांच्या दिव्यांत हरवतात. हे बदलायला हवं.

आता प्रत्यक्ष वापराकडे. चेक-इन वरच्या मजल्यावर, गेट त्याखाली, आगमन आणि सामानाचे पट्टे आणखी खाली. प्रवेशद्वारावर सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र दोन्ही पाहतो. तिकिटावरचं आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं पाहिजे. आडनाव आधी की नाव आधी यावरून अडवत नाहीत, पण लग्नानंतर बदललेलं नाव एका कागदावर आणि माहेरचं दुसऱ्यावर असेल तर दारातच खोळंबा होतो.

देशांतर्गत प्रवासाला डिजियात्रा, म्हणजे चेहरा ओळखून आत सोडणारी सोय, वापरण्यासारखी आहे. मुंबईत ती ऑगस्ट २०२३ पासून आहे. घरूनच करायची कामं अशी : अ‍ॅपमध्ये आधारची पडताळणी, सेल्फी, मग वेब चेक-इन करून मिळालेला बोर्डिंग पास अ‍ॅपमध्ये चढवणं. लोक शेवटची पायरी विसरतात. नुसती नोंदणी करून दारात उभं राहिलं तर फाटक उघडत नाही, कारण यंत्राला चेहरा ओळखता आला तरी तो माणूस आज कोणत्या विमानाचा हे माहीत नसतं. आधारवरचं नाव तिकिटापेक्षा वेगळं असेल तरीही अडतं. कुटुंबात एकाचीच नोंदणी असेल तर रांग बदलू नका, सगळ्यांनी नेहमीच्या दारानेच जा. नाहीतर आत गेलेला माणूस बाहेरच्यांची वाट बघत बसतो.

वेळेचा हिशोब असा ठेवा. बहुतेक देशी कंपन्यांचे काउंटर सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होतात आणि गेट २० ते २५ मिनिटं आधी. टर्मिनल २ च्या भुजेच्या टोकाचं गेट लागलं तर सुरक्षा तपासणीपासून दहा-पंधरा मिनिटांची चाल धरा. लहान मूल किंवा गुडघेदुखी असेल तर त्याहून जास्त. म्हणून सामान द्यायचं असेल तर देशांतर्गत विमानाला दोन तास आधी आणि आंतरराष्ट्रीयला तीन तास आधी टर्मिनलच्या दाराशी असा. घरातून निघण्याची वेळ ही नव्हे, हे घरच्यांना नीट सांगा.

परदेशी विमानांची खरी गर्दी रात्री अकरा ते पहाटे चारच्या दरम्यान असते. युरोपात सकाळी उतरता यावं आणि तिथल्या रात्रीच्या निर्बंधांत अडकू नये म्हणून कंपन्या मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघतात. म्हणजे पाच-सहा मोठ्या विमानांचे प्रवासी तासाभरात इमिग्रेशनला येऊन धडकतात. वारंवार जाणाऱ्यांनी गृह मंत्रालयाच्या फास्ट ट्रॅक इमिग्रेशन योजनेत नाव नोंदवावं. जानेवारी २०२५ पासून ती मुंबईत आहे आणि भारतीय नागरिक व ओसीआय कार्डधारकांना (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना) मोफत आहे. ऑनलाइन अर्ज करायचा, मंजुरी आली की बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद द्यायची. नोंदणी पाच वर्षं किंवा पासपोर्टची मुदत संपेपर्यंत, जे आधी येईल तोवर चालते. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी. अर्ज ऐनवेळी करून उपयोग नाही, मंजुरीला वेळ लागतो.

सामानाबद्दल एक सूचना खास मराठी घरांसाठी. लेकीला अमेरिकेला पाठवताना बॅगेत सुकं खोबरं भरू नका. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं आणि एक्स-रेत दिसलं की बॅग उघडून काढून घेतात. कधी कधी त्यासाठी प्रवाशाला गेटवरून परत बोलावतात. किसून, भाजून चटणीत घातलेलं हा वेगळा प्रकार. लोणचं, तूप, पातळ गूळ चेक-इन बॅगेत, बरणीला दोन पिशव्या गुंडाळून. हातातल्या बॅगेत नेलं तर आंतरराष्ट्रीय प्रवासाला १०० मिलिलिटरची मर्यादा आडवी येते. पॉवर बँक याच्या बरोबर उलट : ती हातातच हवी, चेक-इनमध्ये सापडली की बॅग थांबते.

टर्मिनल १ बद्दल बोलण्यासारखं कमी आहे. सांताक्रूझच्या जुन्या इमारतीला वेळोवेळी भाग जोडत ते वाढलं. छत बुटकं, बसायच्या जागा सकाळच्या गर्दीत अपुऱ्या, आणि बऱ्याच विमानांपर्यंत बसने जावं लागतं. पण त्याचा एक गुण मोठा आहे : दारापासून गेटपर्यंतचं अंतर छोटं. हातात एकच बॅग असलेल्या माणसाला टर्मिनल १ टर्मिनल २ पेक्षा लवकर आत घेतं. ते पाडून नवीन बांधण्याचा बेत जाहीर झालेला आहे आणि त्यामुळे कंपन्यांची टर्मिनलं मधून मधून बदलतात. गेल्या वेळी जिथून गेलो तिथेच जायचं असं गृहीत धरू नका. एकाच कंपनीची काही विमानं टर्मिनल १ वरून आणि काही २ वरून असतात. तिकिटावरचं टर्मिनल निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहा.

चुकून दुसऱ्या टर्मिनलला पोहोचलात तर रस्त्याने जाण्यापेक्षा मेट्रो बरी. ३ क्रमांकाच्या मार्गिकेवर टर्मिनल २, सहार रोड आणि टर्मिनल १ ही स्थानकं ओळीने आहेत. पुढच्या विमानाचं तिकीट जवळ असेल तर दोन टर्मिनलांमधल्या मोफत बसची चौकशीही करता येते, पण ती ठरावीक अंतराने सुटते. घाईच्या वेळी तिच्यावर विसंबू नका.

मेट्रोने खरोखर फरक पडला आहे. मार्गिका ३ चा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये, आचार्य अत्रे चौकापर्यंतचा मे २०२५ मध्ये आणि कफ परेडपर्यंतचा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्थानकं, सर्वांत जास्त भाडं ७० रुपये. दक्षिण मुंबईतून संध्याकाळी टॅक्सीने दीड तास धरावा लागे, तिथे आता पाऊण तासाच्या आसपास काम होतं. ठाणे, डोंबिवली, कल्याणकडच्यांनी लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, आणि मरोळ नाक्याला मार्गिका बदलून एकच स्थानक पुढे टर्मिनल २. पश्चिम उपनगरांतल्यांनी अंधेरीहून मेट्रो १ घेऊन मरोळ नाक्यालाच बदलावं. मरोळ नाक्याला उन्नत स्थानकावरून थेट भुयारात उतरायचं असतं, त्यामुळे मोठ्या बॅगा असतील तर सरकत्या जिन्याऐवजी लिफ्ट शोधा आणि दहा मिनिटं जास्तीची धरा. खाली मोबाइलचं नेटवर्क मिळेलच असं नाही, म्हणून तिकीट आधीच काढून ठेवा. एक मर्यादा मात्र लक्षात असू द्या : गाड्या सकाळी सहाच्या सुमारास सुरू होतात आणि रात्री साडेदहानंतर मिळतीलच असं नाही. पहाटे उतरणाऱ्यांना टॅक्सीच घ्यावी लागते.

टॅक्सीसाठी आगमन कक्षातच प्रीपेड काळ्या-पिवळ्यांचे काउंटर आहेत. पावती हातात आल्यावर चालकाला वेगळे पैसे द्यायचे नसतात. अ‍ॅपवरची गाडी बहुमजली पार्किंगमधून मिळते. तिथे पातळी आणि खांबाचा क्रमांक चालकाला सांगितल्याशिवाय भेट होत नाही, म्हणून गाडी आगमनाच्या दाराशी उभं राहून नव्हे, पार्किंगच्या त्या पातळीवर पोहोचल्यावर मागवा. सोडायला येणाऱ्यांसाठी पश्चिम द्रुतगती महामार्गावरून थेट वर चढणारा सहार उन्नत मार्ग आहे, तोही फेब्रुवारी २०१४ पासूनचा. रिक्षा प्रस्थानाच्या वरच्या पातळीवर जात नाही. रिक्षाने आलात तर खाली उतरून लिफ्टने वर यावं लागतं.

आता त्या अडीच गुणांविषयी. मुख्य धावपट्टीवर गर्दीच्या तासाला ४६ विमानांची ये-जा होत असे, म्हणजे दर ७८ सेकंदांना एक. ११ नोव्हेंबर २०२३ रोजी एका दिवसात १,०३२ विमानांची ये-जा झाली आणि १ लाख ६१ हजारांहून जास्त प्रवासी हाताळले गेले. एकाच धावपट्टीवर हे करून दाखवणं सोपं नाही. विमान उतरलं की ते पट्टीवर रेंगाळू नये म्हणून तिरप्या कोनात वेगाने बाहेर वळणारे टॅक्सीवे बांधले आहेत. दोन उतरत्या विमानांमधल्या फटीत एक चढतं विमान बसवायचं, हा एटीसीचा, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकांचा, दिवसभराचा खेळ. ऑक्टोबर २०१३ मध्ये बांधून झालेला, ८४ मीटर उंचीचा नवा नियंत्रण मनोरा त्यासाठीच आहे.

पण या हिशोबात चुकीला जागा नाही. एका वैमानिकाने पट्टी सोडायला वीस सेकंद जास्त घेतली की मागच्या विमानाला उतरणं रद्द करून पुन्हा चक्कर मारावी लागते. ती चक्कर दहा-पंधरा मिनिटं खाते आणि रांगेतला प्रत्येक जण मागे सरकतो. सकाळी उशीर झालेलं विमान दिवसभरात चार-पाच शहरं फिरतं आणि तो उशीर सोबत नेतं. संध्याकाळचं विमान उशिरा का, याचं उत्तर बहुतेक वेळा सकाळी नऊ वाजता सापडतं. म्हणून मुंबईहून महत्त्वाच्या कामाला जायचं असेल तर दिवसातलं पहिलं विमान घ्या. ते रात्रीच इथे येऊन उभं असतं.

हवेत घिरट्या आणि जमिनीवर रांगा इतक्या वाढल्या की फेब्रुवारी २०२४ मध्ये गर्दीच्या तासांतली विमानं ४६ वरून ४४ वर आणि इतर वेळी ४४ वरून ४२ वर आणायला लावली. खासगी विमानांना बंदी असलेले तासही चारवरून आठ केले. हा निर्णय योग्य होता. कागदावरची क्षमता पुरेपूर विकायची आणि प्रवाशाला आकाशात फिरवत ठेवायचं, यात इंधनही जातं आणि विश्वासही.

धावपट्टी बंद पडली तर काय होतं, ते १ जुलै २०१९ च्या रात्री दिसलं. मुसळधार पावसात जयपूरहून आलेलं बोइंग ७३७ पट्टी संपल्यावर पुढे जाऊन चिखलात रुतलं. प्रवासी सुखरूप होते. पण विमान बाहेर काढून मुख्य पट्टी पुन्हा सुरू व्हायला ५ जुलै उजाडला. तोवर सगळा भार आखूड तिरप्या पट्टीवर, आणि तिची तासाची क्षमता बरीच कमी. शेकडो विमानं रद्द झाली. चिखलातून जेट काढणं म्हणजे दोरी बांधून ओढणं नसतं. आधी इंधन आणि सामान उतरवून वजन कमी करायचं, चाकांखाली खडी आणि पोलादी पत्रे टाकून रस्ता करायचा, मग हवेच्या पिशव्यांनी उचलत इंचाइंचाने मागे घ्यायचं.

नियोजित बंदही असतो, आणि तो वेळापत्रकात पाहून ठेवण्यासारखा आहे. पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एकेक दिवस सकाळी ११ ते संध्याकाळी ५ दोन्ही धावपट्ट्या बंद ठेवतात. पट्टीवर टायरचं रबर घासून घासून थर बसतो. पाऊस पडला की त्या थरावर ब्रेक लागत नाहीत, म्हणून तो खरवडून काढावा लागतो. दिव्यांची, रंगाच्या पट्ट्यांची आणि पाणी वाहून जाणाऱ्या उताराची तपासणीही तेव्हाच होते. तारीख सहा महिने आधी कळवतात, त्यामुळे विमानं त्यानुसार आखलेली असतात. त्या दिवशी संध्याकाळी पाच ते आठ गर्दी जास्त असते, एवढंच.

पावसाळ्याचं दुखणं मात्र फक्त पट्टीवरचं नाही. मिठी नदी विमानतळाच्या हद्दीतून, धावपट्टीखालून जाते आणि इथे तिला काटकोनी वळणं घ्यावी लागतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि विमानतळ पाण्याखाली जाऊन बंद पडला. त्यानंतर नदीचं पात्र रुंद करण्याची कामं झाली, पण भरती आणि ढगफुटी एकत्र आली की आजही विमानं अहमदाबाद, हैदराबाद किंवा नागपूरकडे वळवली जातात. जून ते ऑगस्टमध्ये पुढचं जोडविमान असेल तर मधे किमान चार तास ठेवा, आणि दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर काढा. वेगवेगळी काढली असतील तर पहिलं विमान उशिरा आल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही.

आसपास राहणारेही या विमानतळाची किंमत मोजतात. विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपरमध्ये फनेल झोनमुळे, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या वाटेखालच्या पट्ट्यामुळे, इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे. मजले वाढवता येत नाहीत म्हणून बिल्डर पुढे येत नाही, आणि मोडकळीला आलेल्या सोसायट्यांचा पुनर्विकास वर्षानुवर्षं अडून राहतो.

या सगळ्यावरचा खरा इलाज नवी मुंबईत आहे. तिथल्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं सुरू झाली. १,१६० हेक्टर जागा, पहिल्या टप्प्यात ३,७०० मीटरची एक धावपट्टी आणि वर्षाला दोन कोटी प्रवाशांची क्षमता. पुढे समांतर दुसरी पट्टी होऊन क्षमता नऊ कोटींपर्यंत न्यायची योजना आहे. त्यासाठी उलव्याची टेकडी कापावी लागली, उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला, आणि गावंच्या गावं उठून दुसरीकडे वसवावी लागली. समांतर पट्ट्यांचं महत्त्व मुंबईकराला वेगळं सांगायला नको : एकीवर चढणं, दुसरीवर उतरणं, आणि एक बंद पडली तरी दुसरी चालू.

पुणे, पनवेल, रायगड आणि नवी मुंबईच्या लोकांनी तिकीट काढतानाच तीन अक्षरांचा कोड पाहावा. बीओएम म्हणजे सांताक्रूझ-सहार, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. शोधताना ‘मुंबई’ टाकलं की दोन्हीकडची विमानं एकाच यादीत येतात आणि स्वस्त दिसणारं तिकीट भलत्याच विमानतळाचं निघू शकतं. पुण्याहून द्रुतगती मार्गाने येणाऱ्याला नवी मुंबई खूपच सोयीची, वाशी-चेंबूर-सायनची कोंडी पूर्ण टळते. दक्षिण मुंबईतून जायचं तर अटल सेतू आहे, पण त्यावर रिक्षा आणि दुचाकी चालत नाहीत, आणि टोल भाड्यात धरावा लागतो. बोरिवली-कांदिवलीकरांनी मात्र दोन-चारशे रुपये वाचवायला नवी मुंबईचं तिकीट काढू नये, ते टॅक्सीत जातात. आणि एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढे जायचं असेल तर सामान घेऊन, रस्ता पार करून, पुन्हा चेक-इन करायला किमान सहा तास हातात ठेवा, पावसाळ्यात त्याहून जास्त.